साइट क्रमांक चार

विद्यापीठाची दुर्बीण गळ्यात आहे,
हरवली तर अकरा हजार भरीन असं लिहून दिलंय.
पौषातली पहाट. तलावाच्या पाळीवर
आम्ही आठजण ओळीनं उकिडवे,
सात नागपूरहून आलेले
आणि मी
ते समोर बाभळीमागे कौलारू दिसतंय ना,
तिथली.

सरांना मी हे सांगितलेलं नाही.
त्यांच्या नकाशात या घाटाला चार नंबर आहे,
आम्ही बैलधुणी म्हणतो.
इथंच आईनं ओल्या लुगड्याचा पिळा
माझ्या पाठीत हाणला होता,
देवधानात शिरू नको सांगूनही शिरले म्हणून.
आता याच ठिकाणापासून
दोनशे मीटरच्या आत जे दिसेल
ते मोजायचं.

सर कुजबुजत शिकवतात:
थवा आधी अख्खा बघा.
मग दहांचा एक तुकडा डोळ्यांत धरा
आणि तोच तुकडा थव्यावर टाकत जा, पुढे पुढे.
सगळे माना हलवतात.
मला हे येतं.
खळ्यावर धान असंच मोजतात, कुडव उलटा करत,
फक्त पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
मी ओठ न हलवता सुरू केलं:
लाभ, दोन, तीन...
चौदा कुडव अडई.
कागदावर एकशे चाळीस.

कमळपक्षी नऊ. तलवार बदकं साठ, थोडी इकडे तिकडे.
मुग्धबलाक सहा.
मुग्धबलाक! किती गोड नाव,
एखाद्या नाटकातल्या राजकन्येचं असावं असं.
गावात त्याला घोंगेफोड्या म्हणतात,
कारण तो घोंगे फोडतो.

सहा बावन्नला धुक्यातून डोंगा आला.
बांबू पाण्यात, बांबू वर,
डोक्याला बांधलेला तो दुपट्टा
मी दुर्बिणीशिवायही ओळखला असता.
दुर्बिणीतून तर बाबांच्या दाढीचे पांढरे खुंट दिसले,
इतक्या जवळून मी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.
जाळं उचलताना ते काहीतरी पुटपुटत होते.
अडई हातभर सरकल्या, त्यांना वाट दिली,
परत जागेवर आल्या.

"शेवटचा रकाना भरा," सर म्हणाले.
मानवी व्यत्यय.
मी लिहिलं: १.
प्रकार: मासेमारी.
अक्षर माझं चांगलं आहे, बारावीपासून सगळे म्हणतात.

मग अन्विता फोटोसाठी उठून उभी राहिली,
लाल जॅकेट,
आणि अख्खा तलाव
एकदम हवेत गेला.
पाणी कितीतरी वेळ हलत होतं.
त्याबद्दल तक्त्यात काही विचारलेलं नव्हतं.

रात्री बाकीचे शाळेच्या खोलीत झोपले,
मी "नातेवाईक आहेत" सांगून घरी जेवायला आले.
मरळीचा रस्सा. बाबा काटे काढून
ताटाच्या कडेला ओळीनं ठेवतात, जुनी सवय.
"किती भरले वो पाखरं?"
"तीनशे बारा."
दोन घास खाल्ले.
"आन् पान्याखाली गेलते ते?"

पाणडुब्या.
पद्धतीच्या प्रकरणात एक ओळ आहे,
बुडालेले पक्षी वर येईपर्यंत थांबावे.
आम्ही थांबलो नव्हतो. चहा आला होता.
"ते उद्या," मी म्हटलं.
बाबांनी स्वतःचं काही विचारलं नाही.
आज घाटावर कोण कोण दिसलं, मीही बोलले नाही.

आता मोबाइलच्या उजेडात
तक्ता फेअर करत बसलेय.
सगळे आकडे उतरवले. शेवटच्या रकान्यात
पेन्सिलीनं लिहिलं: लाभ.
बघत बसले थोडा वेळ.
मग खोडलं, संगणक तिथं आकडाच घेतो.

कागद तेवढ्या जागी
जरा खरखरीत झालाय.